शून्य आणि नल

गेल्या विकांताला पाऊस, घरचे गावाला गेलेले आणि हापिसातून एकही फोन नाही, असा दुर्मिळ योग जुळून आला. मग काय, चहाचा मोठा मग घेतला आणि 'अलीगढ' पाहायला बसलो. दुसऱ्यांदा. २०१६ साली थेटरात पाहिला होता तेव्हा सगळं लक्ष मनोज वाजपेयीकडे होतं. ह्या वेळी मात्र डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं. ते उतरवून काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरास हे आपले मराठीचे प्राध्यापक. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात वीसेक वर्षं मराठी शिकवत होते, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. कवीही होते. 'पाया खालची हिरवळ' ह्या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री दोन माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि त्यांचं एका पुरुषाबरोबरचं खाजगी आयुष्य चित्रित केलं. विद्यापीठाने निलंबित कोणाला केलं? सिरासांना! निवृत्तीला काही महिने उरले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. शरीरात विषाचे अंश असल्याचं सांगितलं गेलं. काही जणांना अटक झाली, पण खटला उभा राहील इतका पुरावा काही मिळाला नाही. संपलं.

लक्षात घ्या, दिल्ली उच्च न्यायालयाचा नाझ फाउंडेशनचा निकाल २ जुलै २००९ चा. म्हणजे फेब्रुवारी २०१० मध्ये त्या घरात गुन्हा करणारी माणसं एवढीच, जी दार ढकलून आत आली.

आता माझं. २०१० मध्ये आम्ही चौघं पुण्यात एका फ्लॅटवर राहायचो. ही बातमी पेपरात आली तेव्हा रविवार सकाळचे पोहे चालले होते. आम्ही काय बोललो असू? "मराठीचे सर आणि हे असले धंदे?" "अरे पण रिक्षावाला?" मग नेहमीचे विनोद. ते इथे लिहवत नाहीत, पण केले मीच होते, आणि चांगले जमले म्हणून खूष होतो. आमचा एक रूममेट उठून आंघोळीला गेला. पोहे अर्धे टाकून. त्याला पोहे आवडत नसावेत अशी माझी समजूत झाली, आणि ती पुढची नऊ वर्षं टिकली. म्हणजे माझ्या निरीक्षणशक्तीची कल्पना आली असेलच.

असो. तर ते चक्र.

सिरासांचा मृत्यू सरकारदरबारी कुठल्या रकान्यात गेला? खून? आत्महत्या? अनैसर्गिक मृत्यू? काहीही असो, 'हा माणूस समलिंगी होता म्हणून त्याच्यावर ही वेळ आली' असं लिहायला रकानाच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जाडजूड अहवाल काढतो. त्यात समलिंगी किंवा तृतीयपंथी असल्याच्या द्वेषातून झालेले खून किती, हे मोजायची सोय नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, शून्य वेगळा आणि नल वेगळा. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे विचारलंच नाही. आणि आपल्याकडे टीव्हीवरच्या चर्चेत नल बघून "आपल्याकडे असलं काही होत नाही हो, ही अमेरिकेतली थेरं" असं बिनदिक्कत सांगितलं जातं.

अमेरिकेत काय आहे? ऑक्टोबर १९९८ मध्ये वायोमिंगमधल्या लॅरामी गावात मॅथ्यू शेपर्ड ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला दोघांनी मारहाण करून थंडीत कुंपणाला बांधून ठेवलं. १२ ऑक्टोबरला तो हॉस्पिटलमध्ये गेला. वायोमिंगमध्ये द्वेषगुन्ह्यांचा कायदा नव्हता, तरीही दोघांना जन्मठेपा झाल्याच. विरोधक हाच मुद्दा काढतात: शिक्षा झाली ना, मग वेगळा कायदा कशाला? पण तिथे १९९० पासून अशा गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करायचा कायदा होता आणि त्यात लैंगिक कल हा रकाना होता. आकडे अपुरे असतात, पोलीस खात्यांनी ते कळवणं ऐच्छिक आहे, सगळं मान्य. पण त्या आकड्यांवर भांडता तरी येतं. २००९ साली शेपर्डच्या आणि जेम्स बर्ड ह्या कृष्णवर्णीय माणसाच्या नावाने केंद्रीय कायदा झाला. भांडायला अकरा वर्षं लागली.

"खून तो खून, हेतूचं काय लोणचं घालायचंय?" असं माझा एक मित्र म्हणतो. बाबा रे, आपणच ते घातलंय की! लहानपणी पेपरात रोज 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' असायचं, आठवतंय? देशातले स्टोव्ह फक्त सुनांनाच कसे ओळखायचे हा प्रश्न कोणालाच पडत नसे. १९८६ मध्ये हुंडाबळीचं वेगळं कलम आलं, वेगळा आकडा आला, आणि स्टोव्हवर ढकलणं अवघड झालं. हुंडाबळी थांबले असं मुळीच म्हणणं नाही. पण आज कोणी "असलं काही होतच नाही" म्हणाला तर त्याच्या तोंडावर आकडा मारता येतो. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याचंही तेच.

आणि संधी होती हो! भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या १०३ व्या कलमात पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, लिंग, भाषा वगैरे कारणांवरून केलेल्या खुनाची वेगळी तरतूद आली. लैंगिक कलाचं नाव त्यात नाही. 'तत्सम कारण' असे शब्द आहेत, वकील त्यातून बसवतीलही. म्हणजे तो प्रकार 'इतर' ह्या ड्रॉपडाउनमध्ये. २०१९ साली तृतीयपंथीयांसाठी कायदा झाला तेव्हा त्यांच्या लैंगिक शोषणाला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला किमान दहा. हा फरक ज्यांनी ठरवला त्यांच्या डोक्यात काय हिशोब होता, मला खरंच समजून घ्यायला आवडेल.

रकाना आला तरी तो भरणार हवालदार. तक्रार लिहायला आलेल्या माणसाला आधी "तू मुळात तिथे गेलास कशाला?" विचारलं, तर रकाना रिकामाच राहील, हे मला कळतं. आणि घरच्यांनी 'पोटदुखीला कंटाळून' असं लिहून दिलं तर तो हवालदार तरी काय करणार? पण निदान कोणी तरी विचारायला बांधील असेल.

पोहे टाकून उठलेल्या त्या मित्राने २०१९ मध्ये मला सगळं सांगितलं. त्या रविवारी आंघोळीला गेल्यावर नळ सोडून तो बराच वेळ नुसता बसून होता म्हणे. आम्ही बाहेरून दार बडवून "पाणी संपवू नकोस" म्हणून ओरडलो होतो, हे त्याला लक्षात आहे. मला नाही.

हा लेख टाकण्याआधी त्याला फोन केला. म्हणाला, "टाक. फक्त नाव नको, आईकडे अजून बोललो नाहीये." आणि मग, "पोहे मला आवडतात रे, गाढवा."