काचेतून काय जाते?

मंडळी, आज एक जुनी चूक कबूल करायची आहे.

मी बी.ए. झालेला, मराठी शिकवणारा. पण विज्ञानाचे मास्तर रजेवर गेले की तो तास माझ्या गळ्यात पडे. एकदा एका मुलाने विचारले, "सर, बाटलीला घट्ट बूच लावलं तर काचेतून हवा कधीच जाणार नाही?" मी म्हणालो, "अरे, काच आहे ती, गाळणी नव्हे!" वर्ग हसला. तो मुलगा नंतर वर्षभर गप्प होता.

परवा भाचा आला होता. तो प्रकाशतंतूंच्या कामात आहे. म्हणाला, "मामा, हायड्रोजन काचेत शिरतो." केबलमध्ये पाणी गेले, धातू गंजला की हायड्रोजन सुटतो. त्याचा रेणू इतका लहान, की तो केसाएवढ्या तंतूच्या काचेत, कणांमधल्या पोकळ्यांत, काही दिवसांत पसरतो. मग १२४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तो गिळतो. आजूबाजूचा वायू गेला तर हाही हळूहळू बाहेर पडतो, काच पूर्ववत होते. पण त्यातला काही काचेतल्या ऑक्सिजनला चिकटला तर १३८० च्या आसपासचा प्रकाश कायमचा कमी होतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अभियंत्यांना हे चांगलेच जाणवले. समुद्रतळाची केबल वर काढून दुरुस्त करायची म्हणजे जहाजच पाठवावे लागते! म्हणून काही तंतूंवर कार्बनचा पातळ थर देतात. काही तंतूंना आधीच ड्युटेरियम पाजतात. हा हायड्रोजनचा जड भाऊ काचेतल्या कच्च्या जागा अडवतो, आणि तो जो प्रकाश गिळतो तो आपल्या कामाचा नसतो.

गंमत म्हणजे १९९३ साली अमेरिकेत संशोधकांनी दाब देऊन मुद्दाम हायड्रोजन भरला. असा तंतू अतिनील किरणांना फार हळवा होतो. किरण पडतील तिथला अपवर्तनांक बदलतो, आणि ठराविक रंगच परत फिरवणारी जाळी तंतूच्या आतच कोरता येते.

१९६६ साली काओ यांनी शुद्ध काचेची कल्पना मांडली, २००९ साली नोबेल मिळाले, हे सगळे सांगतात. माझे स्पष्ट मत आहे की मुलांना हायड्रोजनची ही भानगडही सांगावी. आणि मास्तरांनी 'कधीच नाही' हे शब्द जपून वापरावेत. निदान ज्या विषयात आपण उसने आहोत तिथे तरी! साध्या बाटलीतून हवा जात नाही, हे माझे उत्तर व्यवहारात बरोबरच होते. पण प्रश्न त्याहून चांगला होता.

त्या मुलाचे नाव आठवत नाही. खिडकीकडचा दुसरा बाक, एवढेच आठवते.