एक ते दीड

नोकरदार माणसाला कायद्याने ज्या मोजक्या गोष्टी मिळाल्या, त्यांत दुपारचा अर्धा तास फार मोलाचा. १९४८ सालच्या कारखाने कायद्यात स्वच्छ लिहिलं होतं, की कामगाराला सलग पाच तासांहून अधिक राबवायचं नाही. मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायचीच. अडीचशेच्या वर कामगार असतील तर तिथे कँटीन काढायला लावण्याची सोयही त्यात होती. हे कलम लिहिणारा माणूस बहुधा घरून डबा नेणारा असावा. उपाशीपोटी केलेली बेरीज कधीही जुळत नाही, हे ज्ञान पुस्तकं वाचून येत नाही!

आणि आपण काय केलं? कुणी मागितला नसताना हा अर्धा तास परत करून टाकला. डाव्या हातात चमचा, उजव्या हाताखाली माऊस, समोर आकडे आणि कानात मीटिंग. याला म्हणे 'वर्किंग लंच'. अहो, जेवण हे जर काम असेल तर त्याचा पगार तरी द्या! तोही नाही. अशा जेवणात आपण भेंडी खाल्ली की दोडका, हे संध्याकाळी शर्टावरचा डाग बघून ठरवावं लागतं.

डाग म्हटला की मागवलेलं जेवण आलंच. हल्ली सव्वाबारा वाजले की हापिसातली अर्धी माणसं मोबाइलमध्ये तोंड घालून बसतात. पाऊण तास नुसती निवड. मुलगी पसंत करायला एवढा वेळ लागत नव्हता. मग भाजीची किंमत, त्यावर पाच टक्के कर, बांधून देण्याचे वेगळे, आणून देण्याचे वेगळे, आणि बाहेर भुरभुर असली तर पावसाचे वेगळे. पूर्वी पाऊस फुकट पडत असे. एवढं करून येतं काय, तर तेलाच्या तळ्यात पोहणारी पनीरची चार चौकोनी बेटं, आणि दातांनी फोडायची चटणीची पुडी.

यात हॉटेलवाल्याचा दोष नाही. उद्या गिऱ्हाईक परत यावं, एवढीच त्याची इच्छा. आणि चव वाढवायचे दोन स्वस्त उपाय म्हणजे तेल नि मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसभरात मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. आपल्या रक्तदाबाचा हिशेब आपण ठेवायचा. त्याने कशाला ठेवावा?

आता डब्याकडे बघा. पावशेर मुगाला मोड आले की चार माणसांची उसळ होते. सोबत दोन पोळ्या, एक काकडी, मूठभर दाणे, बाटलीत ताक. या सगळ्याचा खर्च त्या पावसाच्या आकाराएवढाही होत नाही. मुंबईत १८९० पासून मावळ-मुळशीकडची माणसं घरचे डबे गोळा करून हापिसात पोचवत आली, ती काही हौसेने नव्हे. घरची पोळी लोकलने येण्याच्या लायकीची असते, हे त्या शहराला तेव्हाच कळलं होतं.

"सगळं खरं, पण सकाळी वेळ कुठे असतो?" इथे मात्र मी डबेवाल्या पक्षावरच उलटणार आहे. डब्याचे गोडवे गाणाऱ्या पुरुषांनी एक गोष्ट कायम झाकणाखाली ठेवली : डबा भरतं कोण? "आमच्या हिच्या हातची चव हॉटेलला नाही हो!" म्हणून मिशीवर हात फिरवणाऱ्या गृहस्थांची 'ही' पहाटे पाचला उठलेली असते, आणि पुष्कळदा तिलाही नऊ बाराची लोकल गाठायची असते. असा डबा स्वस्त कसला? त्याचं बिल फक्त दुसऱ्याच्या झोपेच्या नावावर फाडलेलं असतं.

तेव्हा ज्याचा डबा त्याने भरावा. फार अवघड नाही. रात्री जेवायला बसण्याआधी भाजीची एक वाटी काढून फ्रिजमध्ये ठेवावी; जेवण झाल्यावर ती उरत नाही. पोळ्या जमत नसतील तर पोळी-भाजी केंद्रातून आणाव्यात, त्यात घराण्याची अब्रू जात नाही. मात्र चार पुडांच्या डब्याचा हट्ट सोडावा. दुपारचं जेवण आहे, रुखवत नव्हे.

आणि भरलेला डबा आपल्या टेबलावर उघडू नये. चार डबे एकत्र उघडले की कुणाची सोलापुरी शेंगाचटणी, कुणाचा नागपुरी ठेचा, कुणाची मालवणी सोलकढी अशी एका डब्याच्या खर्चात चार घरं जेवायला मिळतात. तिथेच कळतं, की कोपऱ्यातल्या गृहस्थांचे वडील आठ दिवस इस्पितळात आहेत. शेजारी बसून तीन वर्षं ई-मेल पाठवणाऱ्याला हे कळत नाही. शिवाय साहेबांविषयी दोन शब्द बोलून होतात, त्याने अन्न पचतं.

म्हणून मंडळी, एक वाजला की उठा. हातात झाकण लावलेला डबा असू द्या, मोबाइल खणात असू द्या. साहेबांनी "कुठे निघालात?" विचारलं तर नम्रपणे सांगा, "जेवायला." आणखी खुलासा करू नका. फाइल दीड वाजता होती तशीच सापडते. पोळी तेवढी वातड होते.