‘असाध्य’ म्हणण्यापूर्वी

‘साध्य’ हा शब्द आपल्याला शाळेत भेटतो तो भूमितीच्या तासाला : पक्ष, साध्य, सिद्धता. आयुर्वेदात मात्र त्याचा अर्थ ‘उपचारांनी बरा होणारा रोग’ असा आहे. गंमत अशी, की या अर्थाचा ‘साध्य’ आपण बोलण्यातून घालवला आणि त्याचा नकार तेवढा जपून ठेवला. आजाराचे नाव जरा मोठे निघाले, की ‘असाध्य’ आणि ‘दुर्धर’ हे शब्द आपल्या तोंडी तयारच असतात.

शब्दाने असे काय बिघडते, असे कोणी विचारील. कुष्ठरोगाचेच पाहा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ‘असाध्य’ स्वरूपाचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या, की हा रोग बरा होऊ लागला. तरी कायद्यातून ते कलम गेले २०१९ साली! रोग साध्य झाला, पण शब्द आणखी अडतीस वर्षे असाध्यच राहिला.

चरकसंहितेने इतकी घाई केलेली नाही. तिने रोगांचे चार प्रकार मानले : सहज बरा होणारा तो सुखसाध्य, कष्टाने बरा होणारा तो कृच्छ्रसाध्य, समूळ न जाणारा पण औषधपथ्याने आटोक्यात राहणारा तो याप्य, आणि अखेरचा असाध्य. सुश्रुतसंहितेत याप्य रोग्याला टेकू दिलेल्या घराची उपमा आहे. टेकू नीट लावला, तर घर उभे राहते.

मला वाटते, आज मराठीला निकड आहे ती या ‘याप्य’ची. मधुमेह समूळ जात नाही; पण १९२२ साली माणसाला प्रथम इन्सुलिन टोचले गेले, तेव्हापासून इन्सुलिनवाचून न जगणारा रोगीही जगू लागला. एचआयव्हीचा रुग्णही आज रोजच्या गोळ्यांवर संसार करतो, नोकरी करतो. यांना ‘साध्य’ म्हणणे खोटे आणि ‘असाध्य’ म्हणणे क्रूर.

व्याकरणाने रोग बरा होत नाही, हे मान्य. पण ‘असाध्य’ ऐकून जो औषधच सोडतो, त्याला बरे करणार कोण? काही रोग खरोखरच असाध्य आहेत. तो शब्द त्यांच्यापुरता राखून ठेवावा. बाकीच्यांना त्यांचा त्यांचा शब्द द्यावा.