आधी ब्रेक, मग शायनिंग!

आमच्या ऑफिसात सध्या सायकलची साथ आली आहे. पॅण्ट्रीत पूर्वी ईएमआय आणि अप्रेझलच्या गप्पा चालायच्या, आता सस्पेन्शन आणि कॅसेटच्या चालतात. सोमवारी सकाळी कुणीतरी गुडघ्याला खरचटलेलं दाखवत कॉफी मशीनपाशी उभा असतो आणि बाकीचे त्याच्याकडे कारगिलवरून परतल्यासारखे बघत असतात. नवीन एमटीबी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती गिअर?’ दुसरा, ‘कितीला पडली?’ तिसरा, ‘वजन किती?’

बॉस, चौथा प्रश्न कुणीच विचारत नाही. ‘ब्रेक लागतो का?’

मीही विचारला नव्हता. म्हणून आजचा कॉलम जरा कबुलीजबाबासारखा आहे. चालवून घ्या.

तो रविवार

२०२३च्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी आणि माझी धाकटी बहीण, दोघांनी महिन्याभरापूर्वीच एमटीबी घेतल्या होत्या. रविवारी सिंहगडाचा बेत ठरला. शनिवारी रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी दोन्ही सायकली उलट्या केल्या आणि ‘सर्व्हिसिंग’ला बसलो. हातात तेलाचा स्प्रे, खांद्यावर फडकं. चेनवर फुस्स, गिअरवर फुस्स, जिथे जिथे लोखंड दिसेल तिथे फुस्स! मग त्याच फडक्याने सगळं चकाचक पुसलं. चाकातली ती डिस्कची चकती तर इतकी चमकत होती की तिच्यात भांग पाडावा. तिची सायकल जरा जास्तच प्रेमाने पुसली. धाकटी आहे ना.

पहाटे पाचला कोथरूडहून निघालो. रस्ते मोकळे, हवा गार, सिग्नल पिवळे लुकलुकणारे. धायरी फाट्यापर्यंत ब्रेक दाबायची वेळच आली नाही. खडकवासल्याला चहासाठी थांबलो तेव्हा ती म्हणाली, ‘दादा, माझा ब्रेक किंचाळतोय.’

मी चहात बिस्किट बुडवत म्हणालो, ‘नवीन आहे गं, सेट होईल.’

हे वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं.

पुढे डोणजे, गोळेवाडी आणि मग घाट. चढताना काय, ब्रेकचं काम नसतंच. धापा टाकत, उतरून ढकलत, एकदाचे वर पोचलो. डब्यातली थालीपिठं खाल्ली, फोटो काढले. आणि उताराला लागलो.

तिसऱ्या-चौथ्या वळणाच्या आधी माझ्या मागून ओरडणं ऐकू आलं. ती माझ्या शेजारून सुसाट पुढे गेली. समोर वळण, पलीकडे दरी. पोरीचं डोकं जागेवर होतं म्हणून वाचलो. तिने हॅण्डल डोंगराच्या बाजूला वळवलं आणि सायकल सरळ गटारात घातली. हेल्मेट फुटलं, मनगट मोडलं.

मी धावत गेलो तेव्हा ती रडत नव्हती. फक्त म्हणत होती, ‘दादा, मी ब्रेक दाबला होता. पूर्ण दाबला होता.’

तिला वाटत होतं, चूक तिची आहे.

फडक्याचा वास

दुसऱ्या दिवशी सायकल रिक्षात घालून पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. हे काका डायनमो आणि कॅरिअरच्या जमान्यापासून सायकली उघडताहेत. त्यांनी चाक काढलं, ब्रेकचे पॅड बाहेर काढले आणि चक्क नाकाला लावले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘ब्रेकला तेल पाजलंस?’

मी गप्प.

त्याचा फंडा साधा आहे. डिस्क ब्रेक चालतो तो घर्षणावर. दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात, बस्स. पॅडचं मटेरियल सच्छिद्र असतं, ते तेल स्पंजासारखं पितं. एकदा प्यायलं की ब्रेक आधी किंचाळतो आणि मग नुसता घसरतो. सपाटीवर ते कळत नाही, कारण तिथे थांबायला फारसं काही लागत नाही. घाटात कळतं. आणि किंचाळणं म्हणजे ‘सेट होणं’ नव्हे, ती तक्रार असते.

काकांनी चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. पॅड सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकले. तेल प्यायलेले पॅड घासून, भाजून वाचवायचे उद्योग लोक करतात, पण आत मुरलेलं तेल पुन्हा बाहेर येऊ शकतं. पॅडचा नवा जोड काहीशे रुपयांपासून मिळतो. मनगटाच्या प्लॅस्टरचा खर्च मी इथे लिहीत नाही.

आणि एक शिकलो. नवे पॅड लावले की लगेच घाटात जायचं नसतं. रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेग घ्यायचा, चाक लॉक न करता ब्रेक दाबत चालण्याच्या वेगापर्यंत आणायचं. असं वीसेक वेळा. मग थोड्या जास्त वेगात आणखी दहा वेळा, आणि पुढच्या-मागच्या ब्रेकचं वेगवेगळं. याला ‘बेडिंग इन’ म्हणतात. पॅडच्या मटेरियलचा पातळ थर चकतीवर बसतो आणि मग ब्रेक खरा चावायला लागतो.

ब्रेकवरून आठवलं

या माऊंटन बायकिंगचा जन्मच मुळी ब्रेक जळण्यातून झालाय म्हणा ना! कॅलिफोर्नियात मरीन काऊण्टीमध्ये फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. तिथली पोरंटोरं सत्तरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या दणकट सायकली डोंगरावर न्यायची आणि कच्च्या रस्त्याने खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तिथे उताराची पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असायचा, पायडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून नव्याने ग्रीस भरा, म्हणजे ‘रिपॅक’ करा. शर्यतीचं नावच पडलं ‘रिपॅक’! त्यात धावणारे जो ब्रीझ आणि गॅरी फिशर पुढे माऊंटन बाईकचे बाप म्हणून ओळखले गेले. तात्पर्य, या खेळात चढण्यापेक्षा थांबण्याची चिंता पहिल्या दिवसापासून आहे.

सायकल तुमच्या मापाची करा

शर्ट घेताना आपण ट्रायल रूममध्ये तीनदा जातो. पन्नास हजारांची सायकल मात्र रंग बघून घेतो! फ्रेमवर दोन्ही पाय टेकवून उभे राहा. मधला दांडा आणि तुम्ही यांच्यात दोनेक इंच तरी मोकळी जागा हवी. नाहीतर खडकाळ वाटेवर अचानक उतरावं लागलं तर... पुढचं समजून घ्या.

सीटची उंची : सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पायडल मारताना गुडघा आपोआप हलकासा वाकलेला राहतो. सीट खूप खाली ठेवून चालवणाऱ्यांचे गुडघे पुढून दुखतात आणि ते सायकलला शिव्या देतात. वर करताना सीटच्या नळीवर कोरलेल्या खुणेच्या वर मात्र जाऊ नका, ती नळी मोडू शकते.

ब्रेकचा दांडा : हात सरळ ठेवून एक किंवा दोन बोटं सहज पोचली पाहिजेत. हात छोटा असेल तर दांडा जवळ आणायला बहुतेक लिव्हरवर छोटा स्क्रू असतो. माझ्या बहिणीच्या सायकलवर तो मी बघितलाच नव्हता.

हवा : टायरवर लिहिलेला आकडा बहुतेकदा ‘जास्तीत जास्त’चा असतो, तितकी भराच असा त्याचा अर्थ नव्हे. दोन-सव्वादोन इंची टायर, आत ट्यूब, वर साधारण सत्तर किलोचा माणूस असेल तर कच्च्या वाटेसाठी २५ ते ३५ पीएसआयच्या दरम्यान सुरुवात करा. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडतात. डांबरी रस्ताच जास्त असेल तर थोडी वाढवा.

सस्पेन्शन : पुढचा फोर्क हवेचा असेल तर तुम्ही सायकलवर बसल्यावर तो एकूण हालचालीच्या २० ते २५ टक्के दबला पाहिजे. म्हणजे १०० मिलिमीटरचा फोर्क २० ते २५ मिलिमीटर. अजिबात दबत नसेल तर तुम्ही सस्पेन्शनचे पैसे देऊन साधी सायकल चालवताय.

पगार झालाय, काय बदलू?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि समोरच्याला उत्तर ‘कार्बन’ असं हवं असतं. सॉरी, उत्तर बोअरिंग आहे. आधी टायर, मग ब्रेकचे पॅड, मग ग्रिप आणि पायडल. जमिनीला, हाताला, पायाला जे टेकतं ते आधी. बाकी सगळं पुढच्या दिवाळीला.

पॅड घेताना जुना पॅड सोबत न्या. प्रत्येक ब्रेकच्या पॅडचा आकार वेगळा असतो. रेझिनचे पॅड शांत असतात, लवकर चावतात, पण चिखलात भराभर झिजतात. मेटलचे टिकाऊ, उतारावरची उष्णता सोसणारे, पण थोडे आवाज करणारे. चकतीवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं लिहिलं असेल तर तिला मेटलचे पॅड लावू नका, ती चकती त्यासाठी बनलेलीच नसते. आणि पॅडचं मटेरियल अर्ध्या मिलिमीटरवर आलं की चर्चा नको, बदला.

हायड्रॉलिक ब्रेक असेल तर आत कुठलं तेल आहे ते लिव्हरवर किंवा मॅन्युअलमध्ये बघा. शिमानो मिनरल ऑइल वापरते, काही ब्रेक डॉट फ्लुइडवर चालतात. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

चेन ताणली की नाही हे बघायला कंपासपेटीतली बारा इंची पट्टी पुरते. चेनच्या एका पिनवर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बाराव्या इंचावर बरोबर पिन येते. ती एक-षोडशांश इंच पुढे गेली तर चेन बदला. एक-अष्टमांश गेली तर बहुधा मागची कॅसेटही गेली. चेन वेळेत बदलणं म्हणजे कॅसेटचे पैसे वाचवणं.

आणि तेल? थेंबाथेंबाने घालायच्या बाटलीतलं घ्या. प्रत्येक कडीला एक थेंब, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. ते फडकं डिस्कच्या आसपासही फिरकता कामा नये. माझं आता वेगळं आहे. त्याच्यावर मार्करने ‘चेन’ असं लिहिलंय.

निघण्याआधी पाच मिनिटं

काकांनी हे मला शिकवलं, मी तुम्हाला देतो. पुढच्या चाकापासून सुरू करा. चाक घट्ट बसलंय का? अधांतरी फिरवा, आऊट तर नाही ना? पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, टकटक वाजलं तर हेडसेट ढिला आहे. लिव्हर हॅण्डलला टेकतो का? टेकला तर घरी बसा. क्रॅंक धरून आडवा हलवा, खेळ नको. सीट पिळून बघा, वळायला नको. चेन, मागचं चाक, मागचा ब्रेक. शेवटी सायकलवर बसून चार पावलं जा आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. आवाज आला तर ‘सेट होईल’ म्हणू नका. प्लीज.

पुढे काय झालं?

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं. बहिणीने सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात तोंड फिरवून ठेवली होती. मी तीनदा ‘जाऊ या का’ विचारलं, तिन्ही वेळा तिला ‘रिलीज’ होतं. शेवटी मी सायकल पुन्हा काकांकडे नेऊ लागलो, तर म्हणाली, ‘थांब, मीही येते. तू हात लावू नकोस.’

त्या दिवशी काकांच्या दुकानात स्टुलावर बसून तिने दोन्ही चाकं काढली, पॅड बघितले, लिव्हर जवळ घेतला, पुन्हा सगळं बसवलं. काका नुसते ‘हं, आता पुढं’ म्हणत होते. दोन तास मी पाने हातात देण्याचं काम केलं.

सिंहगडावर पुन्हा गेलो ते २०२४च्या फेब्रुवारीत. उतरायच्या आधी ती बराच वेळ गप्प उभी होती. मग वाकून तिने स्वतःची सायकल तपासली, पुढून मागे, क्रमाने. आणि मग माझ्या सायकलकडे वळली.

‘दादा, तुझा मागचा पॅड संपलाय. तू हळू ये. मी पुढे राहते.’

मी निमूट मागे राहिलो.