दिव्याखाली अंधार

14 डिसेंबर हा दिवस आपल्या देशात ऊर्जा-संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने मी इयत्ता नववीच्या वर्गाला ‘वीजबचत : आपले कर्तव्य’ असा निबंधाचा विषय दिला होता. वह्या आल्या. बहुतेक निबंधांत तीच ती वाक्ये होती : वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे, विजेचा अपव्यय टाळावा, आजची बचत ही उद्याची समृद्धी होय. वाक्यांत दोष काढण्यासारखे काही नव्हते. कोठेतरी छापलेले वाचून ती उतरवली असावीत, एवढेच.

एका वहीत मात्र केवळ पाच ओळी होत्या. त्या विद्यार्थ्याने लिहिले होते, “आमच्या घरात एक पंखा आणि एक दिवा आहे. माझे वडील रात्रपाळीला लूमवर जातात व दिवसा झोपतात. वर पत्रे आहेत. पंखा बंद केला तर त्यांना झोप लागत नाही. म्हणून आमच्या घरी वीज कशी वाचवावी, हे मला समजले नाही.”

निबंध अपुरा म्हणून मी गुण कापण्याच्या बेतात होते. तेवढ्यात सहज मान वर गेली. शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच बसले होते आणि रिकाम्या खुर्च्यांवर चार पंखे गरगर फिरत होते. बाहेर भर दुपारचे ऊन असताना आत दिवेही जळत होते. मी मनातून ओशाळले. ज्याच्या घरी वाचवण्यासारखे काही नाही, त्याला आपण काटकसरीचा पाठ देत आहोत आणि जेथे उधळपट्टी चालली आहे, तेथे पाठ देणारे स्वतःच बसले आहेत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. प्रस्तुत लेख त्या पाच ओळींचे उत्तर म्हणून लिहीत आहे.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या वर्गात बटण दाबताच जी वीज येते, ती कोठून येते याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? तुमच्यापैकी कित्येकांची मूळ गावे खानदेशात आहेत. दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही सुरत-भुसावळ मार्गाने गावी जाता. बारडोली व व्यारा मागे पडल्यावर उकाई-सोनगड नावाचे स्थानक लागते. त्याच परिसरात तापी नदीवर 1972 साली उकाईचे धरण पूर्ण झाले. जी तापी मुलताईहून निघून तुमच्या भुसावळच्या अंगणातून वाहत येते, तीच तेथे अडवली गेली. तिच्या पाण्यावर तीनशे मेगावॅट क्षमतेचे जलविद्युत केंद्र चालते. जवळच कोळशावर चालणारे औष्णिक केंद्र आहे, त्याचा कोळसा मध्य भारतातील खाणींतून रेल्वेने येतो. थोडे खाली काक्रापार येथे अणुशक्ती केंद्र आहे. त्याचा पहिला संच 1993 साली व्यापारी उत्पादन करू लागला, आणि प्रत्येकी सातशे मेगावॅटचे दोन नवे संच 2023 व 2024 साली त्या मालिकेत आले. ही सारी वीज मोठ्या जाळ्यात मिसळते. आपल्या वर्गातील पंख्याला नेमकी कोणत्या केंद्राची वीज फिरवते हे सांगता येणार नाही, परंतु यांपैकी कोणतीही वीज फुकट आलेली नाही एवढे निश्चित सांगता येईल.

उकाईच्या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्यांतली बरीचशी आदिवासींची होती आणि काही आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या बाजूचीही होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, देवस्थाने, ओढ्याकाठची झाडे पाण्याखाली गेली आणि माणसे दुसरीकडे जाऊन बसली. कोळशासाठी कोठे जंगल तुटते, कोठे राखेचे ढीग साठतात, आणि कोळसा जळताना जो वायू निघतो तो सबंध पृथ्वीचे हवामान तापवतो. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहतो तेव्हा बिलाचा आकडा फुगतोच, शिवाय कोणा अनोळखी माणसाने केलेला त्याग आपण वाऱ्यावर उडवीत असतो. विजेच्या उधळपट्टीला मी केवळ आर्थिक चूक मानत नाही, तिला कृतघ्नपणा म्हणते, ते याच कारणासाठी.

आता थोडे अंकगणित करू. मध्यम आकाराची शाळा घ्या. तीत वीस वर्ग आहेत आणि प्रत्येक वर्गात चार पंखे व चार नळीदिवे आहेत असे धरू. जुना पंखा सुमारे 75 वॅट वीज खातो आणि जुन्या पद्धतीचा नळीदिवा चोकसह सुमारे 50 वॅट. म्हणजे एका वर्गाला तासाला अर्धे युनिट लागते. मधल्या सुट्टीत मुले बाहेर आणि पंखे-दिवे चालू, असे अर्धा तास घडले तर वीस वर्गांत मिळून रोज पाच युनिटे वाया जातात. वर्षाचे कामाचे दिवस 220 धरले तर 1,100 युनिटे झाली. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे केवळ मधल्या सुट्टीच्या विसराळूपणापायी पाऊण टनाहून अधिक कोळसा दरवर्षी जळतो, आणि तोही कोणाच्याही अंगाला वारा न लागता!

तथापि हेच गणित पुढे नेले तर आणखी एक गोष्ट दिसून येते. हल्ली मिळणारे नव्या मोटरचे पंखे सुमारे 35 वॅटांत तेवढाच वारा देतात. शाळेतील ऐंशी पंखे दिवसाचे सहा तास चालतात असे धरले, तर पंखे बदलल्याने वर्षाला चार हजारांहून अधिक युनिटे वाचतील. म्हणजे मुलांनी बटणे बंद करून जेवढे वाचेल, त्याच्या जवळजवळ चौपट व्यवस्थापनाच्या एका निर्णयाने वाचेल. हा हिशेब मी मुद्दाम मांडत आहे. बचतीचा सारा उपदेश आपण विद्यार्थ्यांना करतो आणि बचतीची मोठी किल्ली मात्र मोठ्यांच्या खिशात असते. ऐंशी पंखे एकदम बदलणे कोणत्याही शाळेला सोपे नाही, हे मला मान्य आहे. परंतु जुना पंखा जळाला की तो पुन्हा वळवून आणण्याऐवजी नवा घ्यावयाचा, एवढा नियम केला तरी काही वर्षांत काम तडीस जाईल.

आज पुष्कळ शाळा-महाविद्यालयांच्या गच्चीवर सूर्यप्रकाशावर वीज करणारी तावदाने दिसू लागली आहेत. सुरतेत सूर्याला तोटा नाही, आणि शाळा भरते तीही दिवसा. साधारण एक किलोवॅटची तावदाने आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिटे देतात, आणि सुट्टीच्या दिवसांत उरलेली वीज जाळ्यात पाठवता येते. तेव्हा ही योजना उत्तमच आहे. माझे म्हणणे एवढेच की क्रम चुकू नये. भोके पडलेल्या घागरीत पाणी ओतण्यापूर्वी भोके बुजवावी लागतात. वर सूर्याची वीज आणि खाली रिकाम्या वर्गात फिरणारे पंखे, असे दृश्य जेथे असेल तेथे ती तावदाने म्हणजे केवळ शोभेची वस्तू होय. प्रथम सवय, मग उपकरणे, मग सूर्य. पहिल्या पायरीला एक पैसाही लागत नाही, आणि आपण टाळतो ती नेमकी तीच.

येथे कोणी म्हणेल, “या शहरात यंत्रमाग रात्रंदिवस खडखडत आहेत, रंगाईचे कारखाने धगधगत आहेत, तिकडे हजिऱ्याला प्रचंड उद्योग आहेत. त्यांच्यापुढे तुमच्या मधल्या सुट्टीच्या पाच युनिटांची काय मातब्बरी?” हा आक्षेप खोटा नाही. पाच युनिटांनी सुरतेचे दिवे उजळणार नाहीत. परंतु कारखान्यातून कापड निघते, तशा शाळेतून सवयी निघतात. आज जो मुलगा मीटर वाचावयास शिकेल, तोच उद्या एखाद्या खात्यात सुपरवायझर होईल, एखाद्या इमारतीचा आराखडा काढील, एखाद्या कारखान्याची यंत्रे विकत घेईल. त्या वेळी तो विजेचा विचार करील की नाही, हे येथे या बाकांवर ठरते.

तुमच्यातील काही जण पुढे महाविद्यालयांत जातील. कोणी 1961 साली स्थापन झालेल्या आपल्या शहरातील अभियांत्रिकी संस्थेत, तर कोणी विद्यापीठात. महाविद्यालयाचे आवार हे एक लहानसे नगरच असते. तेथे वसतिगृहे, प्रयोगशाळा, वाचनालये, सभागृहे, उपाहारगृहे असतात. तेथे बिल कोण भरतो हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते, म्हणून ते कोणाचेच नसते. वातानुकूलित खोलीत थंडी वाजते म्हणून अंगावर चादर घेणारी आणि खिडकी उघडून यंत्र चालूच ठेवणारी तरुण मंडळी मी पाहिली आहेत. यंत्राचे तापमान 18 वरून 24 अंशांवर आणले तर वीज पुष्कळ वाचते. 2020 पासून तारांकित यंत्रे मुळातच 24 अंशांवर लावून देण्याचा नियम झाला आहे, पण बोटाने तो आकडा खाली नेण्यास कोणताही कायदा आडवा येत नाही. कायदा 2001 साली झाला, तारांकन 2006 साली आले. उरला तो माणसाचा विवेक. तो कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध होत नाही.

माझे बालपण गोव्यात पेडणे तालुक्यात गेले. आमच्या घरची भाषा कोकणी. माझी आजी रात्री चुलीतील निखारे राखेखाली झाकून ठेवी आणि सकाळी त्यांवरच चूल पेटवी. न्हाणीतील भाणाखाली नारळाची सोडणे आणि वाळलेली चुडते जळत. चांगले लाकूड तेथे कधी जाळले जात नसे. म्हणून आजी कृपण होती असे कोणी म्हणत नसे. चतुर्थीला गणपतीपुढे समई रात्रभर तेवत असे आणि तिच्या तेलाचा हिशेब कधी झाला नाही. काटकसर आणि कंजूषपणा यांतील भेद मला आजीच्या चुलीपाशी कळला. जेथे हवे तेथे हात सैल सोडता यावा, म्हणून जेथे नको तेथे हात आखडणे, याचे नाव काटकसर.

सुरत शहराला हे शिकणे अवघड नाही. 1994 साली प्लेगच्या साथीने या शहराची अब्रू देशभर गेली. लाखो माणसे शहर सोडून गेली. त्यानंतर 1995 पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात रोजच्या सफाईची शिस्त लागली, आणि 2023 सालच्या स्वच्छता सर्वेक्षणात इंदूरसह सुरत देशात प्रथम आली. ही किमया एका दिवसाच्या मोहिमेने झाली नाही, दररोजच्या कामाने झाली. याच शहराच्या अंजना येथील सांडपाणी केंद्रात मैल्यातून निघणाऱ्या वायूवर वीज तयार करण्यात आली. ज्या नगरीने मैल्यातूनही दिवा लावला, तिच्या शाळांना रिकाम्या खोलीतला दिवा विझवता येऊ नये काय?

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. प्रत्येक वर्गात आठवड्याला दोन विद्यार्थी ‘वीजपाल’ नेमावेत. वर्ग सोडताना शेवटचे पाऊल त्यांचे असावे. दररोज सकाळी शाळेच्या मीटरचा आकडा विद्यार्थ्यांनीच वाचून सूचनाफलकावर लिहावा आणि त्याचा आलेख गणिताच्या तासाला काढावा. खिडक्यांना टेकवलेली कपाटे हलवावीत, काचा पुसाव्यात, म्हणजे दिवसा दिव्यांची गरज निम्म्याने उतरेल. गच्चीला उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात द्यावा, म्हणजे वरच्या मजल्यावरील वर्ग कमी तापतील. आणि 14 डिसेंबरला ध्वनिवर्धक लावून भाषणे करण्यापेक्षा त्या दिवशी वर्षाच्या युनिटांचा जमाखर्च सर्वांसमोर वाचून दाखवावा. या साऱ्याचा आरंभ मात्र शिक्षकांच्या खोलीपासून व्हावा. तसे झाले नाही तर विद्यार्थी आमचे ऐकणार नाहीत, आणि त्यांनी ऐकूही नये.

आता त्या पाच ओळींचे उत्तर.

बाळ, तुझ्या घरचा पंखा बंद करू नकोस. रात्रभर यंत्रमागापाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या झोपेसाठी खर्च झालेली वीज ही वाया गेलेली वीज नव्हे. तिच्याइतका सार्थ उपयोग क्वचितच कोणत्या विजेचा होत असेल. बचत तुझ्याकडून नव्हे, आमच्याकडून व्हावयास हवी होती. तुला निबंधात मी पूर्ण गुण दिले आहेत. शिक्षकांच्या खोलीतून बाहेर पडताना मी आता बटणांकडे पाहते. काही वेळा विसरते, नाही असे नाही. तू त्या वाटेने जाताना आत कोणी नसता पंखा फिरताना दिसला, तर निःसंकोच आत ये आणि तो बंद कर. विचारले तर सांग, बाईंनी सांगितले आहे.