आधी निदान, मग सामान

खेड्यातील मोटारगाडी ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या आपल्या सीमाभागात ज्या घरापुढे एखादी जुनी मारुती, ओम्नी अथवा जीप उभी असते, ते घर साऱ्या वाडीच्या उपयोगी पडते. मध्यरात्री बाळंतिणीस इस्पितळात न्यावयाचे असो, पहाटे भाजीची पोती बेळगावच्या बाजारात पोहोचवावयाची असोत, किंवा रविवारी वृद्धांना मिस्सेसाठी आणावयाचे असो, पहिली हाक त्याच घरी जाते. अशी गाडी एखाद्या सकाळी मुकी होऊन बसली, म्हणजे ती अडचण एकट्या मालकाची राहत नाही. म्हणून या आठवड्यात जुनी गाडी सुरू का होत नाही आणि अशा वेळी शहाण्या माणसाने काय करावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

जुनी गाडी म्हणजे कोणती, हे प्रथम सांगणे बरे. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी, १९५८ पासून २०१४ पर्यंत बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होत राहिलेली अँबॅसडर आणि डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली व २०१४ च्या आरंभी बंद झालेली मारुती ८००, ही नावे आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहेत. यांपैकी कोणतीही गाडी आज नवी मिळत नाही. मारुतीपुरते बोलावयाचे तर साधारण २००० सालापूर्वीच्या गाड्यांत पेट्रोल कार्ब्युरेटरमधून जाते व नंतरच्या गाड्यांत ते विजेच्या पंपाने दाबून इंजेक्टरवाटे फवारले जाते. हा भेद ध्यानात ठेवावा; तो पुढे उपयोगी पडेल.

आमच्या परिचयाच्या एका शेतकरी कुटुंबाची हकीकत येथे देण्यासारखी आहे. घरात ओम्नी होती व घरातील आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावास न्यावे लागे. एका पावसाळ्यात गाडीचा सेल्फ फिरेनासा झाला. एका गॅरेजात नवी बॅटरी बसविली. चार दिवस बरे गेले व पुन्हा तेच रडगाणे सुरू झाले. दुसऱ्या गॅरेजात सेल्फ बदलला. त्यानेही गुण आला नाही. तिसऱ्या वेळी किल्लीचा स्विच बदलला. एकीकडे हा खर्च व दुसरीकडे भाड्याच्या गाडीचा, अशा दुहेरी ओझ्याने टेकीस येऊन घरच्यांनी भंगारवाल्यास भाव विचारला. इतक्यात शेजारच्या गावच्या एका वृद्ध मिस्त्रीने गाडी पाहिली. त्याने पाना हाती घेण्यापूर्वी प्रश्न विचारले, दिवे लावून पाहिले आणि मग बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाच्या उघड्या धातूपर्यंत एक जाड केबल लावून किल्ली फिरविण्यास सांगितले. गाडी तत्काळ सुरू झाली! इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी अर्थची पट्टी गंजली होती, एवढाच काय तो दोष. त्या पट्टीची किंमत आधी झालेल्या खर्चाच्या मानाने किरकोळ होती.

या हकीकतीत कोणी लबाडी केली असे आम्हांस वाटत नाही. चूक पद्धतीची होती. गाडी सुरू न होणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. तापावर एकामागून एक औषधे पाजणाऱ्या वैद्यास आपण वैद्य म्हणत नाही. मग परीक्षेवाचून एकामागून एक सामान बदलणे यास दुरुस्ती कसे म्हणावे? आधी निदान, मग सामान, हाच सरळ मार्ग होय.

निदानाचा आरंभ प्रश्नांनी होतो. गाडी शेवटची केव्हा चालली होती? रात्री पाऊस अथवा दाट धुके होते काय? अलीकडे कोणते काम केले, पेट्रोल कोठे भरले? गाडी कडब्याच्या गंजीजवळ उभी असते काय? उंदरांनी वायरी कुरतडल्यामुळे गाडी बंद पडणे ही खेड्यात मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही.

त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये घालून, हँडब्रेक ओढून, किल्ली फिरवावी आणि कान देऊन ऐकावे. येथे तीन वाटा फुटतात. पहिली, काहीच आवाज न येणे अथवा नुसता टक असा आवाज येणे. दुसरी, इंजिन जड व मंद फिरणे. तिसरी, इंजिन जोमाने फिरणे परंतु पेट न घेणे. पहिल्या दोन वाटा बॅटरी, तारा व सेल्फ यांच्याकडे जातात. तिसरी ठिणगी व पेट्रोल यांच्याकडे. ज्याने वाट ओळखली त्याचे अर्धे काम झाले.

पहिल्या दोन वाटांवर पुढचे दिवे लावून पाहावे. सेल्फ मारताच दिवे मंदावून विझू आले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोके सैल झाली आहेत. दिवे तेजस्वी राहिले व सेल्फ मुका राहिला तर दोष सेल्फकडे, त्याच्या स्विचकडे अथवा वायरीत असण्याचा संभव अधिक. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असेल तर ती गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, टोके घासून घट्ट आवळावीत. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये. साधा मीटर असेल तर काम आणखी सोपे होते. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यात सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. सेल्फ फिरताना हा आकडा ९.६ च्या खाली घसरू नये आणि इंजिन चालू झाल्यावर तो १४ च्या आसपास यावा. तसा न आल्यास दोष बॅटरीचा नसून तिला भरणाऱ्या यंत्रणेचा आहे, हे ओळखावे. नवी बॅटरी घातली तरी तीही चार दिवसांत उतरेल. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरी इंजिनाच्या धातूस लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला तर अर्थ खराब आहे. वृद्ध मिस्त्रीने केबलच्या साहाय्याने हीच परीक्षा केली होती.

तिसऱ्या वाटेवर, म्हणजे इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही तेव्हा, प्रथम ठिणगी पाहावी. बारा व्होल्टच्या बॅटरीतून प्लगच्या फटीत ठिणगी उडविण्यास हजारो व्होल्ट लागतात. हे काम कॉइल करते. एका जाड तारेच्या थोड्या वेढ्यांतून प्रवाह जात असतो. सीबी पॉइंट उघडताच तो एकाएकी तुटतो आणि शेजारच्या बारीक तारेच्या असंख्य वेढ्यांत क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. वाचकांस कौतुक वाटेल की, या युक्तीचा जनक एक कॅथलिक धर्मगुरू होता! आयर्लंडमधील मेनूथ येथील सेमिनरीत फादर निकोलस कॅलन हे १८२६ पासून १८६४ साली देवाज्ञा होईपर्यंत पदार्थविज्ञान शिकवीत असत. १८३६ साली त्यांनी अशी पहिली कॉइल तयार केली. संत आल्फोन्स लिगोरी यांच्या अनेक ग्रंथांची भाषांतरेही त्यांनी केली. पुढे पुष्कळ वर्षे या शोधाचे श्रेय दुसऱ्यांच्याच पदरी पडत राहिले. असो.

बेळगावच्या पावसाळ्यात ठिणगीचा मोठा शत्रू म्हणजे ओल. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात, ज्यास पुष्कळ मिस्त्री डेल्को म्हणतात, दमट हवा शिरली अथवा त्यास केसाएवढी चीर गेली, की वीज प्लगकडे जाण्याऐवजी आडवाटेने निघून जाते. टोपण काढून कोरड्या सुती फडक्याने आतून-बाहेरून पुसावे. कित्येकदा एवढ्यानेच गाडी सुरू होते. पॉइंट काळे पडले असतील तर घासावेत व त्यांची फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. कार्ब्युरेटरच्या गाडीत काढलेला प्लग इंजिनाच्या धातूस टेकवून, रबरी मुठीच्या पकडीने धरून ठिणगी पाहता येते. निळी, कडक ठिणगी चांगली. पिवळी, मलूल ठिणगी दुर्बळ. आसपास पेट्रोल सांडलेले असताना ही परीक्षा कदापि करू नये. इंजेक्शनच्या गाडीत तर ती घरी करूच नये, कारण आतील नाजूक विद्युत्‌यंत्रणा जळण्याचा धोका असतो.

ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलकडे वळावे. येथे प्लगच साक्ष देतो. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. तो ओलाचिंब असेल तर पेट्रोल अधिक झाले आहे अथवा ठिणगीच नाही. अधिक झाले असल्यास ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा, वरचेवर पंप करू नये आणि मग सेल्फ मारावा. एप्रिल-मे महिन्यांत तवंदीचा घाट चढून आलेली जुनी गाडी थांबली व लगेच सुरू होईना, तर नळीतील पेट्रोलची वाफ झाली असावी. बॉनेट उघडून अर्धा तास गाडी थंड होऊ द्यावी, पेट्रोल पंपावर व नळीवर ओले फडके ठेवावे. अशा गाडीचा कार्ब्युरेटर खोलण्याचे कारण नाही.

अलीकडे यात एका नव्या गोष्टीची भर पडली आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. हे इथेनॉल ऊस व धान्य यांपासून होते. संकेश्वर-चिक्कोडी-निपाणीच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना उसाची थोरवी आम्ही काय सांगावी? परंतु इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व पडदे त्यासाठी घडविलेले नाहीत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचू शकते. म्हणून जुनी गाडी आठवड्यातून एकदा तरी थोडी लांबवर फिरवावी, टाकी फार काळ रिकामी ठेवू नये आणि तडे गेलेल्या नळ्या वेळीच बदलाव्यात. गळक्या नळीतून आग लागते.

इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरविताच मागून दोन-एक सेकंद पंपाची बारीक गुणगुण ऐकू यावयास हवी. ती न आल्यास आधी फ्यूज व रिले पाहावेत, मग पंप. इंजिन नेहमीपेक्षा हलके व भरभर फिरू लागले तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संशय घ्यावा व सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे. अशी गाडी ढकलून सुरू करण्याचा यत्नही करू नये. डिझेलच्या जीपमध्ये ठिणगी नसते. तेथे थंडीत हीटर प्लग व नळीत शिरलेली हवा यांची चौकशी करावी.

काही सावधगिरीच्या सूचना आवर्जून देतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. मध्ये विसावा द्यावा. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडताना आधी धन टोकास धन जोडावे आणि उतरलेल्या गाडीच्या बाजूची शेवटची ऋण तार बॅटरीस न लावता इंजिनाच्या धातूस लावावी, कारण बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असतो. त्याच कारणाने निपाणीकर बांधवांनी उघड्या बॉनेटवर वाकताना बिडी दूर ठेवावी! कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याचा प्रकार तर सर्वस्वी निषिद्ध समजावा; त्याने माणसे भाजतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या तर गुण कोणत्या उपायाने आला हे कधीच कळत नाही.

आता शेवटचा, व आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मिस्त्री सामान बदलतो तेव्हा आपण निमूटपणे पैसे मोजतो. परंतु त्याने अर्धा तास परीक्षा करून एक सैल तार घट्ट केली, तर “एवढ्याचे कसले पैसे?” असे आपण खुशाल विचारतो. ज्या व्यवहारात ज्ञानाला मोल नाही व डब्यातल्या वस्तूला आहे, त्या व्यवहारात मिस्त्रीने वस्तूच विकाव्यात, हे ओघानेच आले. ओम्नीवाल्या कुटुंबाचा पैसा गेला तो मुख्यतः या रीतीमुळे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम व यंत्रकाम करणारे कुशल हात पिढ्यान्‌पिढ्या घडले आहेत. आपल्या भागात कसबाचा तुटवडा नाही. कसबाची कदर मात्र व्हावयास हवी. म्हणून गॅरेजात गेल्यावर आधी एवढेच म्हणावे: “दादा, आधी दोष शोधा. शोधण्याची मजुरी आम्ही वेगळी देऊ. सामान बदलण्यापूर्वी ते खराब असल्याचे आम्हांस दाखवा आणि जुने सामान परत द्या.” प्रामाणिक मिस्त्रीस हे बोलणे आवडेल, कारण त्यात त्याच्या बुद्धीचा मान आहे. श्रम करणारा आपल्या मजुरीस पात्र आहे, ही शिकवण डोक्याने केलेल्या श्रमासही लागू आहे.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी या पावसाळ्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मुलांना सोबत घेऊन बॉनेट उघडावे, बॅटरीची टोके, अर्थची पट्टी, नळ्या व डिस्ट्रिब्युटरचे टोपण ही चार ठिकाणे पाहावीत व मुलामुलींना दाखवावीत. मध्यरात्री दारावर थाप पडेल तेव्हा ही तासाभराची मेहनत कोणाच्या तरी जिवास उपयोगी पडेल.