डोळा बधिर करणारे थेंब घरी नकोत

निगडी-प्राधिकरणातील बहुतेक घरांचा कारखान्याशी काही ना काही संबंध असतो. आजोबा एखाद्या कंपनीतून निवृत्त झालेले, तर मुलगा वा नातू भोसरी-चाकणला कामाला जाणारा. ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा कण किंवा वेल्डिंगची प्रखर ज्योत या घरांतील डोळ्यांना नवी नाही. अशा वेळी नेत्रतज्ज्ञ तपासणीपूर्वी एक थेंब घालतात आणि अर्ध्या मिनिटात वेदना नाहीशी होते. साहजिकच ‘हेच औषध घरी द्या’ असे रुग्णास वाटते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळा खुपू लागला की ज्येष्ठांनाही तोच मोह होतो. तो टाळणे अत्यंत आवश्यक आहे.

हे थेंब म्हणजे स्थानिक भूल होय. १८८४ मध्ये व्हिएन्नाचे तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या द्रावणाने डोळा बधिर करता येतो हे दाखवून दिले. आज त्यासाठी प्रोपॅराकेनसारखी औषधे वापरतात. त्यांचा परिणाम सुमारे १५ मिनिटे टिकतो. तज्ज्ञांच्या हातून तपासणीपुरता झालेला वापर सुरक्षित असतो. परंतु दीर्घकाळ वापरल्यास बुबुळावरील पारदर्शक पटल कायमचे पांढरे होऊन दृष्टी जाऊ शकते.

असे का घडते? पटलावरील जखम भरताना नव्या पेशी वाढतात व जखमेवर सरकतात. हे औषध या दोन्ही क्रिया रोखते. डोळा बधिर असल्याने पापण्यांची उघडझाप कमी होते, कोरडेपणा वाढतो आणि आत कण रुतला असला तरी कळत नाही. औषध उतरताच दुखणे परतते, म्हणून पुन्हा थेंब घातला जातो. या चक्रात जखम चिघळते. क्वचित पटलास छिद्रही पडते. मधुमेही व्यक्तींची जखम मुळातच सावकाश भरत असल्याने त्यांनी अधिक जपावे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी डोळ्यालगत दिलेल्या भुलीच्या इंजेक्शनामुळे काही तास अंधुक दिसणे वा मुळीच न दिसणे ही मात्र निराळी बाब आहे. भूल उतरल्यावर दृष्टी परत येते. पट्टी काढल्यावरही दिसत नसेल, किंवा वेदना व लाली वाढत असेल, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनी घरातील प्रत्येक बाटली डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावी. चिठ्ठीत नसलेले थेंब, शेजाऱ्याने दिलेले असोत वा औषधांच्या दुकानातून आणलेले, वापरू नयेत. बधिर थेंब घातल्यानंतर किमान अर्धा तास डोळा चोळू नये. वेल्डिंगमुळे आलेली आग बहुधा एक-दोन दिवसांत शमते. तोवर वेदनाशामक गोळी आणि वंगण देणारे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावेत. दुखणे त्याहून लांबले, तर थेंबांची बाटली न शोधता नेत्रतज्ज्ञांकडे जावे.